घरचं बी, सालवडची माती

बोईसर स्टेशनातून तारापूरच्या रस्त्याला लागलं की गावठाण, कारखाने आणि नव्या इमारती यांची सरमिसळ सुरू होते. सालवड या सरमिसळीच्या ऐन मध्यात आहे. एकीकडे जुनी कौलारू घरं, त्यांच्या परसात शेवगा, केळी, अळू. दुसरीकडे खान्देश, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा चहूकडून नोकरीसाठी आलेल्यांच्या चाळी आणि फ्लॅट. परस असो की खिडकीची जाळी, एक झाड दोन्हीकडे हमखास दिसतं : मिरची.

ही मिरची घरच्या बियांपासून करावी की तयार रोप आणावं, यावर इथे दोन सूर ऐकू येतात. एक सूर जुन्या घरांतल्या बायकांचा, ज्यांनी सासूकडून बी घेतलं आणि सुनेला दिलं. दुसरा सूर कारखान्यांत तपासणीचं, मोजमापाचं काम करणाऱ्यांचा. ते दोन्ही सूर मी इथे काकी आणि भाऊ या दोघांच्या तोंडी दिले आहेत. काकी सालवडच्याच, साठी ओलांडलेल्या. भाऊ नंदुरबारकडचे, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात. नंदुरबारचा माणूस मी मुद्दाम घेतला आहे. तिथे मिरचीचा मोठा बाजार भरतो, ओली लाल मिरची पथारीवर पसरून वाळवतात, आणि हंगामात तो सगळा परिसर लाल दिसतो. मिरचीबद्दल बोलायचा अधिकार दोघांनाही आहे.

भाऊ : काकी, चार कुंड्यांतल्या मिरच्यांसाठी तुम्ही एवढा खटाटोप का करता? भादव्यात बी टाका, पावसाची झड आली की ताट उचलून पडवीत आणा, महिनाभर मुंग्या हाकला. रोपवाटिकेत ट्रेमधलं रोप मिळतं, कोकोपीटमध्ये वाढवलेलं, मुळाला धक्का न लागलेलं. आणलं, लावलं, पाणी घातलं की झालं.

काकी : ते रोप कुठल्या झाडाचं, हे विचारलंत कधी?

भाऊ : तिखट मिरचीचं. आणखी काय विचारायचं?

काकी : माझ्या रोपाची आई मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात ती विहिरीकडच्या कोपऱ्यात होती. शेजारच्या दोन झाडांची पानं वळली, बारीक झाली, हिची वळली नाहीत. फूल लागलं ते गळलं नाही. चैत्रातल्या उन्हातसुद्धा चार मिरच्या धरून होती. म्हणून बी तिचंच ठेवलं. तुमच्या ट्रेमधल्या रोपाच्या आईने सालवडचा पाऊस पाहिलाय का?

भाऊ : नसेल पाहिला. पण तिच्यावर शिकलेल्या माणसांनी काम केलंय. नुसतं एक झाड बरं दिसलं म्हणून त्याची पिल्लंही बरी निघतील, हे कशावरून? विहिरीकडे ओल जास्त असेल, सावली असेल. त्या जागेचा गुण तुम्ही झाडाच्या खात्यावर लिहिताय.

भाऊंचा हा आक्षेप खरा आहे आणि घरचं बी धरणाऱ्या पुष्कळांनी तो ऐकायला हवा. एका झाडाच्या रूपात त्याचा वंशही असतो आणि त्याची जागाही. दोन्ही वेगळी काढायची तर एकाच वाणाची अनेक झाडं सारख्या जागी लावून पाहावी लागतात. विद्यापीठं तेच करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकणासाठी म्हणून काढलेली ‘कोंकण कीर्ती’ ही मिरची अशा निवडीतूनच आलेली. पण काकींच्या बाजूनेही एक गोष्ट आहे : त्यांनी हे एका वर्षी केलेलं नाही. दरवर्षी त्याच परसात, वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावलेल्या झाडांतून जे टिकलं त्याचं बी पुढे गेलं. चाळीस हिवाळे अशी चाळण लागली, की जागेचा गुण हळूहळू गळून जातो आणि वंशाचा गुण मागे राहतो. मला यात काकींचं पारडं जड वाटतं.

भाऊ : बरं, बी कसं धरता ते तरी सांगा. आमच्या आईची पद्धत आणि तुमची पद्धत ताडून पाहू.

काकी : पहिल्या तोड्याची मिरची ठेवायची नाही. दुसरा-तिसरा तोडा, झाड भरात असताना. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची, देठाजवळ जराही हिरवं नको. तोडली की दोन-चार दिवस सुपात तशीच ठेवायची. मग मधोमध चिरून बी काढायचं. बी पिवळसर, भरलेलं, सपाट हवं. काळपट किंवा पोचट काढून टाकायचं. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही.

भाऊ : आमच्याकडे पथारीवर उन्हातच वाळते सगळी मिरची.

काकी : ती खायची. बियांना कडक ऊन नको, भाजतं ते.

भाऊ : हे बरोबर आहे. चाळीस अंशांच्या वर बी तापलं की त्याची उगवण घटते. म्हणूनच किराण्याच्या दुकानातल्या सुक्या मिरचीतलं बी कधी उगवतं, कधी नाही. ती मिरची कुठे वाळली, किती तापली, कोणत्या वर्षाची, काहीच माहीत नसतं. आणि ठेवता कशात?

काकी : काचेच्या बाटलीत, चुलीची राख चाळून घालते त्यात.

भाऊ : राख ओल शोषते, म्हणून. पण आपल्या इथली हवा बघा, जूनपासून मीठसुद्धा पाघळतं. मिरचीचं बी दोन-तीन वर्षं टिकतं ते कोरडं राहिलं तर. ओल जास्त राहिली तर पुढच्या भादव्यापर्यंतही धड राहीलच असं नाही. गोळ्यांच्या डबीत जी सिलिका जेलची पुडी येते ना, ती टाकून देऊ नका. बाटलीत घाला. राखेपेक्षा भरवशाची.

काकी : पुडी देणार कोण?

भाऊ : मी देतो. पण आधी उगवण तपासा. ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळून ठेवायच्या. सप्टेंबरच्या उकाड्यात आठ-दहा दिवसांत मोड दिसतात. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला सरकारी नियमाने किमान साठ टक्के उगवण लागते. तुमच्या विसांतल्या बारा उगवल्या नाहीत, तर ते बी बाटलीत कितीही वर्षांच्या मायेने ठेवलेलं असो, पेरण्यात अर्थ नाही.

काकी : मी बोटाने दाबून बघते.

भाऊ : बोटाला उगवण कळत नाही.

काकींना हे झोंबलं असणार, पण भाऊंचं म्हणणं रास्त आहे. घरच्या बियांच्या नावाने जे अपयश पदरी येतं, त्यातलं पुष्कळसं बियांच्या वंशाचं नसतं, साठवणीचं असतं. ज्याला घरचं बी जपायचं आहे त्याने ओलीचा बंदोबस्त आधी करावा.

भाऊ : आता माझी बाजू ऐका. नंदुरबारला आमचे वडील घरचंच बी लावायचे. एका वर्षी चुरडा-मुरडा आला. पानं वाकडी, शेंडे आखडलेले, फूल नाही. सबंध वावर उपटून बांधावर टाकलं. त्यानंतर आमच्या घरात संकरित बी आलं आणि पुन्हा कुणी जुन्याचं नाव काढलं नाही. चार कुंड्या मेल्या तर तुमची चटणी थांबते. आमचं वर्ष थांबलं होतं.

काकी : तुमच्या वडिलांचं दुःख मला कळतं, भाऊ. पण तुमचं नवं बी रोगाला भीत नाही का?

भाऊ : भीतं. पण काही वाण जास्त सोसतात. आणि आधी रोग नीट ओळखायला हवा. पान वळलं की आपण सगळ्यालाच बोकड्या म्हणतो. पान कडेने वर वळलं, होडीसारखं झालं, तर फुलकिडे. खाली वळलं तर कोळी, डोळ्यांना न दिसणारा. पान बारीक होऊन, पिवळं पडून झुबका झाला तर विषाणू, आणि तो पांढऱ्या माशीने आणलेला. पहिल्या दोघांवर निंबोळी अर्काचा उपाय चालतो, पाच टक्क्यांचा. तिसऱ्यावर काही नाही, झाड उपटायचं.

काकी : उपटतेच मी. त्याचं बीही धरत नाही.

भाऊ : तेवढ्यासाठी बी वगळायची गरज नाही, हा विषाणू मुख्यतः माशीच नेते.

काकी : माशी सगळ्या झाडांवर बसली, आणि एकाच झाडाने सोसलं, तर बी कुणाचं धरू? आजारी पडलेल्याचं का सोसलेल्याचं?

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं, आणि असायचंही कारण नाही. रोग सोसणारं वाण शोधताना शास्त्रज्ञही याच प्रश्नापासून सुरुवात करतात.

काकी : मागच्या वर्षी तुमच्या त्या विकतच्या मिरचीचं बी मी लावून पाहिलं. एक झाड उंच, एक बुटकं. एकाची मिरची बोटभर, दुसऱ्याची नखाएवढी. एक तर तिखटच नव्हती. एकाच मिरचीतल्या बिया, आणि सगळ्या अशा वेगळ्या कशा?

भाऊ : कारण ती संकरित होती. दोन वेगळ्या ओळींची आई आणि बाप घेतात. पहिली पिढी एकसारखी, जोमदार येते. तिचं बी धरलं की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होतात. कंपनीने फसवलेलं नाही, निसर्गाचा नियम आहे.

काकी : म्हणजे दरवर्षी पुन्हा पाकीटच.

भाऊ : हो. आणि पाकीट महाग का, तेही सांगतो. बुलढाण्यातल्या देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये हे बियाणं तयार होतं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी बापाच्या झाडाचे पराग आणून त्या फुलाला लावायचे. मग खुणेचा दोरा. एकेका फुलाला हे सगळं हाताने, आणि बहुतेक बायकांच्या हातांनी. एका ग्रॅममध्ये दीडशेच्या वर बिया असतात, त्यातली एकही आपोआप झालेली नाही.

देऊळगाव राजाच्या त्या चिमट्यापुढे मला थांबावंसं वाटतं. संकरित बी म्हणजे यंत्रातून पडलेली वस्तू असा समज घेऊन त्याला विरोध करणं सोपं आहे. पण ती कळी उघडणारी बाई आणि काकी, दोघी मिरचीच्या फुलाकडे सारख्याच बारकाईने पाहतात. फरक एवढाच की एकीने केलेलं बी दुसऱ्याच्या पाकिटात जातं आणि दुसरीचं तिच्याच बाटलीत राहतं. माझी सहानुभूती बाटलीकडे आहे, पण ती चिमट्याचा अपमान करून नाही.

काकी : मग माझं बी शुद्ध राहतं ना?

भाऊ : नाही राहत. हीच तर अडचण. मिरचीचं फूल स्वतःच्या परागांवर फळतं, पण मधमाशी येतेच. शेजारी ढोबळी असेल, तर तिचे पराग तुमच्या मिरचीत येतात. प्रमाणित बियाण्याच्या शेतात दुसरी मिरची दोनशे मीटरच्या आत चालत नाही, पायाभूत बियाण्याला चारशे. सालवडमध्ये दोनशे मीटरमध्ये किती बाल्कन्या येतात बघा.

काकी : म्हणूनच माझी सासू म्हणायची, ढोबळीच्या शेजारी लावू नका, मिरची गोड होते.

भाऊ : मिरची गोड होत नाही. फळ आईचंच राहतं, तिखट ते तिखटच. आतलं बी मिसळतं, आणि ते कळतं पुढच्या वर्षी. तुमच्या सासूबाईंनी दोन वर्षांची गोष्ट एका वर्षात सांगितली.

काकी : मग करू काय?

भाऊ : ज्या झाडाचं बी धरायचं, त्याच्या एका फांदीवर मलमलची पिशवी बांधा, कळ्या उमलायच्या आधी. सकाळी हलकी टिचकी मारा, पराग आतल्या आत पडतात. मिरची धरली की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधा, म्हणजे भाजीत जायची नाही.

वाणगावपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे बोईसरच्या पुढच्याच स्टेशनापासून, मिरची आणि ढोबळी मिरची यांची मोठी शेती होते. भातकापणीनंतर ओलिताखाली येणारं हे नगदी पीक, पुष्कळ ठिकाणी शेडनेटमध्ये, आणि जवळजवळ सगळं संकरित. तिथल्या शेतकऱ्याला माल एकसारखा लागतो, एका लांबीचा, एका रंगाचा, कारण बाजार तसाच मागतो. त्याला काकींसारखं बी धरा म्हणणं म्हणजे त्याच्या पोटाशी खेळणं. घरच्या बियांचा आग्रह मी धरतो तो परसापुरता, आणि तिथेच तो जोरात धरतो, कारण परसाला एकसारखेपणा नकोच आहे. परसातली मिरची एकदम पिकून उपयोग नाही. ती मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत रोज दोन-चार अशी मिळायला हवी. एखादी आज तोडावी, एखादी आठवड्याने. वाणात थोडी विविधता असली तर हे आपोआप साधतं.

भाऊ : आणि गावठी, गावठी म्हणून एवढा अभिमान कशाला? मिरची आपली नाहीच मुळात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती.

काकी : पोर्तुगीज म्हणजे ते तारापूरच्या किल्ल्यातले?

भाऊ : तेच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तोवर त्यांचंच राज्य होतं इथे.

काकी : राजा गेला, मिरची राहिली. जिने इतका पाऊस काढला ती बाहेरची कशी? आमच्या बोंबलाच्या चटणीत तिच्याशिवाय काही नाही.

नवापूर, दांडी, चिंचणी या किनाऱ्याच्या गावांतून सुका बोंबील येतो, आणि तो भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटला की जेवणाला दुसरं काही लागत नाही. काकींचं उत्तर मला म्हणूनच पटतं. पिकाचं मूळ गाव दूर असू शकतं, वाण मात्र जिथे पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं तिथलं होतं. कायदाही हे मानतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं नाव छापून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री मिळाला तो गावरान बियांच्या जतनासाठीच.

इथवर बोलणं बियांचं झालं. पण सालवडमध्ये मिरचीचा खरा प्रश्न बियांपाशी सुरू होत नाही, आणि तो भाऊंनीच काढला.

भाऊ : काकी, तुमचं बी चांगलं आहे. माती?

काकी : परसातली. भुसभुशीत आहे, शेणखत घालते.

भाऊ : भुसभुशीत म्हणजे स्वच्छ नव्हे. आपण कुठे राहतो हे विसरू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. तारापूरला 93.69 मिळाले, देशात सगळ्यांत जास्त. सांडपाण्याच्या प्रश्नावर मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली, ती उगीच नाही.

काकी : ते खाडीचं, नाल्याचं. माझं परस नाल्यापासून लांब आहे.

भाऊ : असेल. पण माहीत आहे का, मोजलंय का? मृदा आरोग्य पत्रिका काढली तर तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन एवढं येतं. शेतकऱ्याला खत किती घालावं हे सांगायला ती उत्तम आहे. शिसं, कॅडमियम, पारा तीत नसतो. तो वेगळा सांगून, पैसे भरून तपासून घ्यावा लागतो.

काकी : मग पेरूच नको म्हणता?

भाऊ : उलट. पेरायचं तर मिरचीच पेरा. झाड मातीतले जड धातू घेतं ते सगळीकडे सारखे पोचत नाहीत. मुळांत जास्त, पानांत त्याहून कमी, फळात सर्वांत कमी. शिसं तर बहुतेक मुळाशीच अडतं, आणि पानावर दिसतं ते धुळीतून बसलेलं. म्हणून इथल्या शंका असलेल्या मातीत मेथी, कोथिंबीर, मुळा, अळू यांच्यापेक्षा मिरची, वांगं, भेंडी बरी. मिरची धुता येते, तिची साल गुळगुळीत. कोथिंबिरीची धूळ कोण काढणार?

काकी : अळू तर माझं दारातच आहे.

भाऊ : त्याची जागा बदला आधी. मोरीच्या पाण्यावर नको. शेणखत आणि कंपोस्ट भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतात. माती आंबट असेल तर थोडा चुना, त्यानेही शोषण घटतं. पाणी नळाचं घाला, सूर्या नदीचं. बोअरचं नको, ते तपासल्याशिवाय नाही.

फळापर्यंत धातू कमी पोचतो, ही गोष्ट बागेविषयीच्या पुस्तकांत क्वचितच येते, कारण ती पुस्तकं स्वच्छ मातीत बसून लिहिलेली असतात. सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली इथे राहणाऱ्याला मात्र बी कुठलं याच्या आधी हे कळायला हवं. सेंद्रिय शेतीची व्याख्यानं देणारे इथे येऊन रासायनिक खत टाळा म्हणतात. खत टाळणं ठीक, पण हवेतून आणि भूजलातून जे येतं ते न विचारता ‘घरचं म्हणजे शुद्ध’ असं सांगणं हे लोकांची दिशाभूल करणं आहे.

भाऊ : आणि काकी, ती निळी कुंडी कुठली?

काकी : भंगारवाल्याकडून पिंप घेतलं, मधून कापलं. दोन कुंड्या झाल्या. पोरगा म्हणाला मजबूत आहे.

भाऊ : आत काय होतं त्यात?

काकी : धुऊन घेतलं की. साबणाने.

भाऊ : चिठ्ठी होती का वर? त्रिकोणी, चौकोनी चित्राची?

काकी : खरवडलेली होती.

भाऊ : खरवडलेली असते कारण ती दिसायला नको असते. ही पिंपं आमच्यासारख्या कारखान्यांत रसायन घेऊन येतात. रिकामं झालं तरी घातक रसायनाचं पिंप घातक कचऱ्यातच मोडतं, 2016 च्या नियमांत तसं लिहिलंय. ते परवानाधारकाकडेच जायला हवं. प्लास्टिक रसायन पितं, काकी. वरून धुतलं तरी आत मुरलेलं राहतं, उन्हात तापलं की हळूहळू मातीत उतरतं. तुमच्या सासूबाईंचं बी, शेणखत, सूर्येचं पाणी, आणि सगळं त्या पिंपात.

काकी गप्प झाल्या. सालवडमध्ये, बोईसरमध्ये, सबंध औद्योगिक वसाहतीच्या कडेने अशी निळी पिंपं दारोदार आहेत. कुठे झाडं, कुठे पाणी साठवलेलं. स्वस्त, टिकाऊ, हाताशी मिळणारी म्हणून माणसं ती घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. मातीची कुंडी, जुनी बादली, तांदळाची गोणी, सिमेंटची पाळी यांपैकी काहीही त्यापेक्षा बरं. मिरचीच्या एका झाडाला दहा-बारा इंच खोल जागा पुरते.

काकी : आता हिशोबाचं बोला. तुम्ही म्हणता खटाटोप. पण मसाल्याचं काय?

भाऊ : मसाल्याचा हिशोब जमत नाही, तो सोडा. चार-पाच किलो ओल्या लाल मिरचीची एक किलो सुकी होते. वर्षाच्या मसाल्याला तीन किलो सुकी धरली तर बारा ते पंधरा किलो ओली लागेल. कुंडीतलं झाड मोसमभरात किलोच्या आतच देतं. म्हणजे वीस-पंचवीस कुंड्या फक्त मसाल्याला.

काकी : मसाल्याची मिरची मी बाजारातूनच घेते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, थोडी लवंगी. ती वाळवून कांडपावर नेते. झाडाची मिरची रोजच्या ताटाची. आमटीत एक, बोंबलात दोन. तिच्यात पैसा वाचतो असं मी कधी म्हटलं नाही.

भाऊ : मग कशासाठी?

काकी : सुनेला विचारलं, मिरचीचं फूल कसं असतं, तर तिला सांगता आलं नाही. पांढरं असतं, खाली मान घातलेलं. जन्मभर मिरची खाल्ली आणि फूल पाहिलं नाही. मला ते बरं वाटत नाही.

भाऊ : ते मात्र तयार रोप आणलं तरी दिसेल.

काकी : दिसेल. पण रोप आणणारा मिरच्या मोजतो. बी धरणाऱ्याला झाडाकडे बघावं लागतं, पहिल्या दिवसापासून. कुठलं मानेशी कुजून पडलं, कुठलं तगलं. कुठल्या बाजूची पानं आधी काळी पडली, आदल्या रात्री वारा कुठून आला. तुम्ही म्हणता मोजा. मी बघते. बघितल्याशिवाय काय मोजायचं ते तरी कसं कळणार?

भाऊ : हे मी मान्य करतो. द्या मला थोडं बी. वीस फडक्यात घालतो, बारा उगवले तर लावतो.

काकी : उगवलेले फेकू नका, तेच लावा. मोड तुटेल असं ओढू नका, फडक्यासकट पाण्यात धरा. अर्ध्या सेंटीमीटरच्या खाली पुरायचं नाही. आणि रोज संध्याकाळी पाणी नको, सकाळी द्या. रात्री ओल राहिली की रोप आडवं पडतं.

भाऊ : बरं. आणि ते पिंप?

काकी : उद्या भंगारवाल्याला परत देते.

भाऊ : त्याला नको, काकी. तो ते पुढच्या आळीत विकेल. मी आमच्या कारखान्यात विचारतो, परवान्याच्या गाडीतून जाईल का ते. तोवर तळाला मोठी भोकं पाडून ठेवा, म्हणजे निदान कुणी पाणी तरी भरणार नाही त्यात.